युरोपच्या स्थलांतर व सीमा धोरणांचा नकाशा: रंग भरण्याआधी काय करायचे, नंतर काय तपासायचे

कोल्हापुरात भूगोल, राज्यशास्त्र आणि पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना युरोपचा एकच नकाशा माझ्या टेबलावर वर्षानुवर्षे येत राहतो. युरोपीय संघाचे २७ देश निळे, बाकीचे राखाडी आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘मुक्त संचाराचे क्षेत्र’. या नकाशात सहा देश चुकलेले असतात. आयर्लंड आणि सायप्रस संघाचे सदस्य असूनही शेंगेन क्षेत्रात (ज्या देशांच्या आपसांतल्या सीमांवर नेहमीची पारपत्र तपासणी होत नाही, त्या क्षेत्रात) नाहीत, तर नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि लिख्टेनश्टाइन संघाबाहेर राहूनही शेंगेनमध्ये आहेत. शेंगेनचे २९ देश होतात ते संघातले २५ आणि बाहेरचे हे चार मिळून.

मुले रंगकाम मन लावून करतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. धोरण हे देशाला चिकटलेले असते असे सुरुवातीलाच गृहीत धरले जाते आणि तिथेच सगळे बिघडते. सीमेचे धोरण एखाद्या माणसाला, एखाद्या सीमेवर, एखाद्या तारखेला लागू होते. ही तीन अंगे कागदावर मांडल्याशिवाय नकाशाचे सॉफ्टवेअर उघडू नये, एवढे या लेखापुरते पक्के धरून पुढच्या टप्प्यांकडे जाऊ. दहा दिवस हाताशी असतील तर त्यांतले सहा पहिल्या दोन टप्प्यांना द्यावेत, असा माझा आग्रह राहील.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहा

‘युरोपची स्थलांतर धोरणे’ हे शीर्षक झाले, प्रश्न झाला नाही. प्रश्नात माणूस कोण, तो कशासाठी जात आहे आणि तारीख कोणती, हे तिन्ही यायला हवे. उदाहरणार्थ: ‘भारतीय पारपत्र आणि जर्मनीचा निवास परवाना असलेल्या कोल्हापूरच्या विद्यार्थिनीला १ जानेवारी २०२५ रोजी युरोपातल्या कोणत्या देशात वेगळा व्हिसा न काढता सुट्टीसाठी जाता येत होते?’ या प्रश्नाचा नकाशा काढला तर फ्रान्स, इटली, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड एका रंगात येतील, कारण शेंगेन देशाच्या निवास परवान्यावर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांच्या कोणत्याही कालावधीत ९० दिवस राहता येते. आयर्लंड मात्र वेगळ्या रंगात जाईल, कारण तिथला व्हिसा स्वतंत्र आहे.

आता याच प्रश्नातला माणूस बदलून पाहा. जून २०१७ पासून बायोमेट्रिक पारपत्र असलेल्या युक्रेनच्या नागरिकाला शेंगेनमध्ये अल्पकाळासाठी व्हिसा लागत नाही. कोसोवोच्या पारपत्रधारकांना ही सवलत १ जानेवारी २०२४ पासून मिळाली. सीमा तीच, चौकीही तीच, पण कोल्हापूरच्या माणसाला एक उत्तर मिळते, कीव आणि प्रिश्टिनाच्या माणसांना दुसरे, आणि त्या दोघांना तेही वेगवेगळ्या तारखांपासून. म्हणून ‘खुली सीमा’ आणि ‘बंद सीमा’ हे शब्द, कोणासाठी ते सांगितल्याशिवाय, नकाशावर येऊ देऊ नयेत.

पडताळा: प्रश्नाचे वाक्य वर्गातल्या दुसऱ्या कोणाला वाचायला द्यावे. ‘कोणासाठी?’ किंवा ‘कधी?’ असे त्याने विचारले, तर वाक्य अजून पुरे झालेले नाही.

## २. तक्ता तयार करा

सर्वाधिक वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. एका ओळीत एक देश घ्यावा आणि प्रत्येक व्यवस्थेला स्वतंत्र स्तंभ द्यावा: युरोपीय संघाचे सदस्यत्व, शेंगेन, आश्रयाच्या अर्जाची जबाबदारी ठरवणारे डब्लिन नियम, तात्पुरते संरक्षण, आणि तुमच्या प्रश्नाला जे आणखी लागेल ते. हे सगळे एका ‘सदस्य आहे का’ अशा स्तंभात कोंबण्याचा मोह आवरावा. डेन्मार्क आणि आयर्लंड ही जोडी शेजारी ठेवून पाहिली की कारण लक्षात येते. डेन्मार्क शेंगेनमध्ये आहे, पण युक्रेनमधून आलेल्यांसाठी ४ मार्च २०२२ रोजी प्रथमच अमलात आणलेला संघाचा तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश त्याला बंधनकारक नाही. त्याने स्वतःचा वेगळा कायदा केला. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, पण त्या निर्देशात सामील आहे. एकाच स्तंभात या दोघांना बसवणार कुठे?

प्रत्येक नोंदीसमोर तारखेचे स्तंभ हवेत, आणि तारीख एक नसून तीन असतात हे विसरू नये. कायदा मंजूर होतो, मग तो अमलात येतो आणि त्यानंतर कधीतरी तो प्रत्यक्ष लागू होतो. संघाचा स्थलांतर आणि आश्रयविषयक नवा करार मे २०२४ मध्ये मंजूर झाला, जून २०२४ मध्ये अमलात आला आणि त्यातल्या बहुतेक नियमांना प्रत्यक्ष लागू होण्यासाठी जून २०२६ ही मुदत दिली गेली. मधल्या दोन वर्षांत आश्रयाच्या अर्जांची जबाबदारी जुन्या डब्लिन नियमांनुसारच ठरणार होती. तरीही ‘२०२४ पासून नवे धोरण’ असे लिहिलेले किमान चार प्रकल्प माझ्यासमोर आले. याहून बोलके उदाहरण प्रवेश-निर्गम नोंदणीच्या संगणकीय व्यवस्थेचे आहे. तिचा नियम २०१७ साली झाला आणि सीमेवर बोटांचे ठसे व चेहऱ्याचे छायाचित्र घेऊन नोंद करण्याचे काम १२ ऑक्टोबर २०२५ पासून, तेही टप्प्याटप्प्याने, सुरू झाले. नकाशावर कोणती तारीख दाखवायची हे पहिल्या टप्प्यातला तुमचा प्रश्न ठरवतो, पण तक्त्यात तिन्ही तारखा असाव्यात.

एका देशाचे उत्तरही कधी कधी अर्धे-अर्धे असते. बल्गेरिया आणि रोमेनिया यांच्या हवाई आणि सागरी सीमांवरची शेंगेन-अंतर्गत तपासणी ३१ मार्च २०२४ पासून उठली, तर जमिनीवरच्या सीमांवरची १ जानेवारी २०२५ पासून. मधल्या नऊ महिन्यांचा नकाशा काढणाऱ्याने या दोन देशांसमोर ‘होय’ लिहिले तरी चूक आणि ‘नाही’ लिहिले तरी चूक. म्हणून शेंगेनसाठी ‘जमीन’ आणि ‘हवाई व सागरी’ असे दोन स्तंभ करावेत. क्रोएशियाचा क्रमही असाच दोन तारखांचा होता: जमीन आणि समुद्र १ जानेवारी २०२३ पासून, विमानतळ त्यानंतर मार्चमध्ये.

शेवटी दोन स्तंभ आधाराचे ठेवावेत: माहिती कोणत्या अधिकृत मजकुरातून घेतली, आणि आपण ती कोणत्या दिवशी पाहिली. संघाचे कायदे वाचताना मूळ मंजूर मजकुरावर न थांबता सर्व दुरुस्त्या धरून तयार केलेली एकत्रित आवृत्ती उघडावी आणि तिच्यावर छापलेली तारीख उतरवून घ्यावी. बातमीवरून सुगावा घ्यायला हरकत नाही, पण तक्त्यात नोंद मात्र मूळ मजकूर पाहूनच करावी.

सावधगिरी: एक्सेलमध्ये ४/३/२०२२ असे लिहिले तर संगणकाच्या मांडणीनुसार ते ४ मार्च किंवा ३ एप्रिल होऊ शकते, आणि फाइल दुसऱ्या संगणकावर गेली की हा बदल कोणाच्या लक्षात येत नाही. तारखेचा स्तंभ मजकूर म्हणून ठेवून वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावे.

सावधगिरी: रिकामा रकाना, शून्य आणि ‘लागू नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माहिती सापडली नाही तर तसे शब्दांत लिहावे. रिकाम्या रकान्याला नकाशात पांढरा रंग मिळतो आणि वाचक त्याचा अर्थ ‘धोरण नाही’ असा घेतो.

## ३. पायाभूत नकाशा निवडा

देशांच्या सीमांची फाइल नॅचरल अर्थ या मोफत संचातून घेण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती चांगली आहे. हा संच तीन प्रमाणांत मिळतो: एकास १ कोटी, एकास ५ कोटी आणि एकास ११ कोटी. फाइल लहान म्हणून विद्यार्थी तिसरी उचलतात आणि माल्टा, लिख्टेनश्टाइन, मोनॅको नकाशावरून गायब होतात. भूमध्य समुद्रातल्या स्थलांतराच्या नकाशात माल्टा नसणे ही किरकोळ उणीव मानता येत नाही. एकास १ कोटीची फाइल घ्यावी.

त्या फाइलमध्ये फ्रान्स हा एकच आकार असतो आणि त्यात दक्षिण अमेरिकेतले फ्रेंच गयानाही असते. फ्रेंच गयाना युरोपीय संघाचा भाग आहे, पण शेंगेनचा नाही. नॉर्वेच्या स्वालबार्डचेही तसेच आहे: देश शेंगेनमध्ये, बेटे बाहेर. त्याच संचात देशांचे तुकडे वेगळे करून दिलेली फाइल मिळते. ती वापरून या तुकड्यांना तक्त्यात स्वतंत्र ओळी द्याव्यात. सेउता आणि मेलिया ही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची स्पेनची दोन शहरे तर विसरूच नयेत. संघाची आफ्रिकेशी असलेली जमिनीवरची सीमा तेवढ्याच दोन ठिकाणी आहे आणि तिथे कुंपणे आहेत. भारताच्या शालेय नकाशात अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप सुटले तर आपण नकाशा परत करतो. मग युरोपच्या नकाशात सेउता, मेलिया आणि कॅनरी बेटांसाठी कोपऱ्यात चौकट का नसावी?

प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत, बदलायला विसरू नये. मोबाइलवरच्या नकाशात जे वेब मर्केटर प्रक्षेपण असते, त्यात ६० अंश उत्तर अक्षवृत्तावर, म्हणजे हेलसिंकीच्या जवळपास, क्षेत्रफळ चौपट दिसते आणि क्रीटजवळ सुमारे दीडपट. रंगवलेल्या क्षेत्राच्या आकारावरून वाचक मत बनवतो, तेव्हा फिनलंड फुगवून दाखवणे म्हणजे त्याची दिशाभूल करणे होय. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्पाच्या गुणधर्मांत जाऊन ईपीएसजी ३०३५ हे समक्षेत्र प्रक्षेपण निवडावे.

आता वादग्रस्त भूभाग. नॅचरल अर्थ प्रत्यक्ष ताबा कोणाचा हे पाहून सीमा आखते, त्यामुळे मूळ फाइलमध्ये क्रिमिया रशियाकडे दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २०१४ मध्ये युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेच्या बाजूने ठराव केला होता. कोसोवोला संघातल्या २७ पैकी २२ देशांची मान्यता आहे, भारताची नाही. यात तुम्ही कोणती बाजू घेतली ते नकाशाखाली एका ओळीत लिहावे. न लिहिता कोणतीही बाजू घेऊ नये.

सावधगिरी: मूळ देशांचा उल्लेख म्हणून कोपऱ्यात भारताचा छोटा नकाशा घालणार असाल, तर भारताची सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळलीच पाहिजे. तसा न जुळणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा आपल्या कायद्याने दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद असलेला गुन्हा आहे. नॅचरल अर्थच्या मूळ फाइलमधली भारताची सीमा तशी जुळत नाही. भारताच्या दृष्टिकोनातून केलेली वेगळी फाइल त्या संचात आहे. ती घ्यावी आणि तरीही सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी ताडून पाहावी.

## ४. तक्ता आणि नकाशा जोडा

जोडणी देशाच्या नावाने करू नये, सांकेतिक अक्षरांनी करावी. ‘झेक प्रजासत्ताक’ आणि ‘झेकिया’ हे संगणकाला दोन देश वाटतात. पण सांकेतिक अक्षरांतही दोन खाचखळगे आहेत आणि प्रत्येक तुकडीत कोणीतरी त्यांत पडतेच.

पहिला खळगा फ्रान्स आणि नॉर्वेचा. नॅचरल अर्थच्या फाइलमध्ये आयएसओच्या (देशांच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक अक्षरांच्या) नेहमीच्या स्तंभात या दोन्ही देशांसमोर उणे ९९ असा आकडा असतो. मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी छापील नकाशा घेऊन आली, त्यात जर्मनी आणि स्पेनच्या मधोमध पांढरे भोक होते. तिने तक्ता तीनदा तपासला होता आणि तक्त्यात फ्रान्स अगदी बरोबर होता. आम्ही फाइलची गुणधर्म-सारणी उघडून फ्रान्सच्या ओळीपर्यंत खाली गेलो, तेव्हा तिथे अक्षरांच्या जागी ते उणे ९९ दिसले. तिचे दोन दिवस आणि छपाईचे पैसे त्यापायी गेले होते. त्याच सारणीत पुढे, नावाच्या शेवटी ‘ईएच’ जोडलेला आयएसओ स्तंभ असतो. त्यात या देशांची खरी अक्षरे आहेत आणि जोडणीसाठी तोच वापरावा.

दुसरा खळगा ग्रीसचा. आयएसओच्या यादीत ग्रीस ‘जीआर’ आहे, तर संघाचे सांख्यिकी कार्यालय युरोस्टॅट त्याला ‘ईएल’ म्हणते. ब्रिटनही एकीकडे ‘जीबी’ आणि दुसरीकडे ‘यूके’ आहे. युरोस्टॅटचा तक्ता जसाच्या तसा जोडला तर आश्रयाच्या नकाशात नेमका ग्रीसच कोरा राहतो, म्हणजे ज्या देशाकडे आधी पाहायचे तोच.

पडताळा: जोडणी झाल्यावर लगेच गुणधर्म-सारणी गाळून रिकाम्या ओळी किती उरल्या ते मोजावे. क्यूजीआयएसमध्ये स्तराच्या गुणधर्मांतून जोडणी केली तर न जुळलेल्या ओळींबद्दल सूचना मिळत नाही. युरोपातली एकही ओळ कारणाशिवाय रिकामी असेल, तर पुढे जाऊ नये.

मराठी नावांसाठी तक्ता यूटीएफ-८ पद्धतीच्या सीएसव्हीत जतन करावा आणि काम शेपफाइल या जुन्या नकाशा-फाइलच्या प्रकाराऐवजी जिओपॅकेज या नव्या प्रकारात करावे. शेपफाइलमध्ये स्तंभाच्या नावाला दहाच अक्षरांची मुभा असते आणि देवनागरी मजकुराचे प्रश्नचिन्हांत रूपांतर होण्याचा धोका राहतो.

## ५. क्षेत्रांबरोबर रेषाही रंगवा

देश कोणत्या व्यवस्थेत आहे ते क्षेत्राच्या रंगाने सांगता येते, पण सीमेवर काय होते ते सीमारेषेवरच दाखवावे लागते. जवळजवळ सगळे प्रकल्प हा टप्पा गाळतात, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने सांगतो.

आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड यांच्यामधली रेषा घ्या. तिच्या एका बाजूला युरोपीय संघ आहे आणि दुसऱ्या बाजूला जानेवारी २०२० मध्ये संघ सोडलेले ब्रिटन. केवळ क्षेत्रे रंगवली तर ही संघाची कडक बाह्य सीमा वाटते. प्रत्यक्षात दोन्ही देशांच्या सामायिक प्रवास क्षेत्रामुळे त्या रस्त्यांवर नेहमीची पारपत्र तपासणी होत नाही. भारतीय प्रवाशाला दोन्हीकडचा व्हिसा लागू शकतो, ती गोष्ट वेगळी. स्वीडन आणि नॉर्वे यांच्यामधल्या रेषेवर एक देश संघात आणि एक बाहेर, तरीही नेहमीची पारपत्र तपासणी नाही, सीमाशुल्काची चौकी मात्र आहे. सायप्रसमध्ये तर रेषा एकाच बेटाच्या पोटातून जाते. २००४ साली संपूर्ण बेट संघात गेले, पण उत्तर भागात संघाचे कायदे स्थगित आहेत, आणि तिथली हिरवी रेषा ओलांडताना तपासणी होत असली तरी कायद्याने ती संघाची बाह्य सीमा नाही.

नॅचरल अर्थमध्ये जमिनीवरच्या सीमारेषांची स्वतंत्र फाइल आहे आणि तिच्या सारणीत रेषेच्या डाव्या व उजव्या बाजूचे देश दिलेले असतात. तीच घ्यावी. देशांच्या आकारांवरून रेषा काढल्या तर प्रत्येक सामाईक सीमा दोनदा येते आणि एकीवर दुसरी बसून रंग चुकतो. या रेषांचा वेगळा तक्ता करावा आणि किमान पाच वर्ग ठेवावेत: शेंगेन-अंतर्गत सीमा, शेंगेन-अंतर्गत पण तात्पुरती तपासणी जाहीर केलेली सीमा, शेंगेनची बाह्य सीमा, सामायिक प्रवास क्षेत्रातली सीमा, आणि प्रवाशांसाठी चौक्या बंद ठेवलेली सीमा. शेवटच्या वर्गाचे उदाहरण म्हणजे फिनलंड आणि रशिया यांच्यामधली सुमारे १,३४० किलोमीटरची सीमा, जिथल्या चौक्या फिनलंडने डिसेंबर २०२३ मध्ये प्रवाशांसाठी बंद केल्या.

तात्पुरत्या तपासणीचा वर्ग कोल्हापूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. कागल ओलांडून बेळगावकडे निघालो की एरवी राज्याची हद्द लागल्याचे फलकावरूनच कळते. कोरोनाच्या काळात मात्र त्याच महामार्गावर कोगनोळीला गाड्या थांबवून कर्नाटकात जाणाऱ्यांकडे आरटीपीसीआर अहवाल मागितला जात होता. हद्द पूर्वीचीच होती, नियम ठरावीक मुदतीचा होता आणि तो एका दिशेने जाणाऱ्यांसाठी होता. शेंगेन सीमा संहितेतली तरतूद अशीच चालते. संकटाचे कारण देऊन सदस्य देश स्वतःच्या सीमेवर ठरावीक मुदतीसाठी तपासणी पुन्हा सुरू करतो, तसे युरोपीय आयोगाला कळवतो आणि आयोग त्या सूचनांची यादी प्रसिद्ध करतो.

इथे दिशा महत्त्वाची आहे. जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून तपासणी आपल्या सर्व भू-सीमांपर्यंत वाढवली. पोलंडने जर्मनी आणि लिथुआनियाच्या सीमांवर ती ७ जुलै २०२५ पासून सुरू केली. म्हणजे जर्मनी-पोलंड रेषेवर या दोन तारखांच्या मधल्या काळात पोलंडकडून जर्मनीत जाताना तपासणी होती आणि जर्मनीतून पोलंडमध्ये जाताना नव्हती. रेषेच्या तक्त्यात म्हणून ‘डावीकडून उजवीकडे’ आणि ‘उजवीकडून डावीकडे’ असे दोन स्तंभ करावेत. नकाशावर ज्या देशाची तपासणी त्याच्या बाजूला लहान तुटक रेघ काढली तरी पुरते.

सावधगिरी: कुंपण आणि धोरण एकाच चिन्हाने दाखवू नये. हंगेरीने २०१५ मध्ये सर्बियाच्या सीमेवर सुमारे १७५ किलोमीटरचे कुंपण घातले, पोलंडने २०२२ मध्ये बेलारूसच्या सीमेवर सुमारे १८६ किलोमीटरचा अडथळा पुरा केला. त्या दोन्ही शेंगेनच्या बाह्य सीमाच आहेत, आणि कुंपण नसलेल्या बाह्य सीमाही आहेत. कुंपणासाठी वेगळा स्तर आणि वेगळे चिन्ह वापरावे.

सावधगिरी: धोरणाची सीमा कधी कधी युरोपच्या नकाशाबाहेर असते. तुर्कियेबरोबरचे मार्च २०१६ चे निवेदन, इटलीचा लिबियाशी फेब्रुवारी २०१७ चा समझोता आणि संघाचा ट्युनिशियाशी जुलै २०२३ चा समझोता या तिन्हींचे काम समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावर चालते. नकाशाची चौकट दक्षिणेला ट्युनिस आणि त्रिपोलीपर्यंत न्यावी, नाहीतर या तिन्हींसाठी जागाच राहत नाही.

## ६. आकडे घालायचे असतील तर

आकड्यांशिवाय धोरणांचा नकाशा पूर्ण होऊ शकतो. प्रश्नाला आकडे लागत नसतील, तर ते केवळ भारदस्तपणासाठी घालू नयेत.

घालायचेच असतील, तर नेमके काय मोजले आहे ते आधी वाचावे. संघाची सीमा-संस्था फ्रंटेक्स बेकायदा सीमा ओलांडण्याच्या घटना मोजते, माणसे मोजत नाही. २०१५ साठी तिचा आकडा सुमारे १८ लाख होता, तर त्या वर्षी समुद्रमार्गे युरोपात पोहोचलेल्यांची संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची नोंद सुमारे १० लाख. फरकाचे मोठे कारण असे, की तुर्कियेतून ग्रीसमध्ये उतरलेला माणूस तिथे एकदा मोजला गेला आणि बाल्कन देशांतून जाऊन हंगेरी किंवा क्रोएशियात शिरताना पुन्हा मोजला गेला. बीडहून आलेली ऊसतोडीची टोळी हंगामात एका कारखान्यावरून दुसऱ्या कारखान्यावर गेली आणि दोन्ही हजेरीपटांची बेरीज केली, तर माणसे दुप्पट दिसणारच. ‘१८ लाख स्थलांतरित आले’ असे नकाशाखाली लिहिणे म्हणूनच चूक आहे.

आश्रयाचे अर्ज देशाच्या क्षेत्रावर रंगाने दाखवायचे असतील, तर एकूण संख्या न घेता दर हजार लोकसंख्येमागचे प्रमाण घ्यावे. एकूण संख्येचा नकाशा बहुधा जर्मनीची लोकसंख्या मोठी आहे एवढेच सांगतो. एकूण संख्या दाखवायची असल्यास देशावर वर्तुळे काढावीत. साठा आणि प्रवाह यांचीही गल्लत होऊ देऊ नये: देशात राहत असलेले परदेशी नागरिक हा साठा झाला, वर्षभरात आलेले हा प्रवाह झाला, आणि ‘परदेशात जन्मलेले’ हे ‘परदेशी नागरिक’ यांच्यापेक्षा वेगळेच मोजमाप आहे.

## ७. रंग, बाण आणि शब्द

ज्या वर्गांत चढउतार नाही, त्यांना वेगवेगळे रंग द्यावेत. ज्यात कमी-जास्त आहे, त्याला एकाच रंगाच्या फिकट-गडद छटा द्याव्यात. शेंगेनला गडद निळा आणि आयर्लंडला फिकट निळा दिला, की आयर्लंड ‘अर्धे शेंगेन’ आहे असे वाचले जाते. हिरवा आणि लाल शेजारी ठेवू नयेत, कारण अनेकांना त्यांतला फरक दिसत नाही, आणि आपल्याकडे प्रकल्पाच्या प्रती शेवटी काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सनेच वाटल्या जातात.

बाणांबाबत मी कडक आहे. दक्षिणेकडून युरोपवर चालून येणारे जाड लाल बाण हे युद्धाच्या नकाशाचे चिन्ह आहे. तो बाण म्हणजे बोटीत बसलेली कुटुंबे आहेत, आणि नकाशा काढणाऱ्याने त्यांना सैन्य करून टाकू नये. मार्ग दाखवायचा असेल तर बारीक, राखाडी, एकसारख्या जाडीची रेघ घ्यावी; जाडी संख्येनुसार बदलणार असाल तर तिचे माप सूचीत द्यावे.

शब्दांची शिस्तही इथेच. ‘निर्वासित’, ‘आश्रयार्थी’ आणि ‘स्थलांतरित’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार ज्याला संरक्षण मिळाले तो निर्वासित. ज्याच्या अर्जाचा निकाल लागायचा आहे तो आश्रयार्थी. अर्जांचे आकडे दाखवणाऱ्या नकाशाला ‘युरोपातील निर्वासित’ असे शीर्षक देऊ नये.

## ८. छपाईला देण्यापूर्वी

प्रथम साध्या कागदावर ए-४ आकारात एक प्रत काढून, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या माणसाच्या हातात द्यावी आणि काही न समजावता तीन प्रश्न विचारावेत: ‘स्वित्झर्लंडची सीमा कोणत्या प्रकारची आहे?’, ‘आयर्लंड वेगळ्या रंगात का आहे?’, ‘हा नकाशा कोणत्या दिवसाची स्थिती सांगतो?’ सूचीकडे पाहून तिन्ही उत्तरे मिळाली पाहिजेत. एकही अडले तर सूची पुन्हा लिहावी. तोंडी खुलासा करण्याची सवय लावून घेऊ नये, कारण भिंतीवर लागलेल्या नकाशाशेजारी तुम्ही उभे नसता.

पीडीएफ काढताना क्यूजीआयएसच्या मांडणीत मजकूर आकृतीच्या स्वरूपात निर्यात करण्याचा पर्याय निवडावा. मजकूर अक्षरांच्याच स्वरूपात ठेवला तर ‘स्वित्झर्लंड’मधली जोडाक्षरे छपाईवाल्याच्या संगणकावर फुटतात. बऱ्याच मुद्रणालयांत अजून युनिकोडपूर्व मराठी फॉन्टवर काम चालते, त्यामुळे ‘फाइल द्या, नावे आम्ही टाइप करून घेतो’ असे कोणी म्हटले तरी मान्य करू नये.

नकाशाच्या खालच्या कडेला चार गोष्टी छापाव्यात: स्थिती कोणत्या तारखेची, माहिती कोणत्या तारखांना पाहिली, वादग्रस्त भूभागांबाबतची भूमिका, आणि प्रक्षेपण. तारीख शीर्षकालगत, वाचता येईल अशा आकारात असावी. तक्ता, रेषांचा तक्ता आणि नकाशाची फाइल एकाच फोल्डरमध्ये, नावात तीच तारीख घालून ठेवावी. पुढच्या सत्रात हाच नकाशा वापरायचा झाला, तर आधी रेषांच्या तक्त्यातला तात्पुरत्या तपासणीचा स्तंभ उघडावा आणि आयोगाच्या यादीशी ओळीने ताडून पाहावा. या सूचनांची मुदत साधारणतः सहा महिन्यांपेक्षा जास्त नसते, त्यामुळे सत्र बदलेपर्यंत त्यातली एखादी तरी ओळ बदललेली असते.